सोबत हवी, आवाज नको: विद्यापीठाची अभ्यासिका बांधण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या बांधकाम समितीला जुन्या ग्रंथालयाशेजारच्या एकरभर जागेत ५०० विद्यार्थ्यांसाठी तीन मजली, चोवीस तास उघडी राहणारी ‘आधुनिक’ सामाईक अभ्यासिका बांधायची आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या काचेच्या अभ्यासिकेचे फोटो समितीत सगळ्यांना आवडलेत. तसं इथे जमेल का, माणशी किती जागा धरायची, एसी करावा का, गटचर्चेच्या खोल्या किती हव्यात, असं समितीतले एक सदस्य विचारतात.

मी वास्तुरचनाकार आहे आणि वीसेक वर्षांत कॉलेजांच्या, नगरपालिकांच्या अशा सात-आठ अभ्यासिका केल्यात. त्यातल्या पहिल्या दोन चुकल्या. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एकदा मुंबईला जाऊन या. वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गाला सगळे ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. आसपासच्या चाळींतली मुलं वर्षानुवर्षं तिथे रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करत आलीत. पुढे महापालिकेने बाकं, दिवे लावून तो रस्ता सजवला, पण मुलं त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. संध्याकाळी सातनंतर तासभर नुसतं उभं राहून बघा. कुणी बाकावर, कुणी कट्ट्यावर बसलेलं, आणि कितीतरी जण हातात वही घेऊन येरझाऱ्या घालत ओठांत पाठ करताहेत. घरात जागा नाही हे कारण खरंच आहे. पण ज्यांच्या घरी खोली आहे तीही मुलं तिथे दिसतात, आणि ती का येतात ते समजलं की तुमचा निम्मा प्लॅन झाला. समोरचा मान खाली घालून बसलाय हे दिसलं की आपणही बसतो. मुलाला सोबत हवी असते, त्या सोबतीचा आवाज मात्र नको असतो. सामाईक अभ्यासिकेची सगळी अडचण या एका वाक्यात आहे, आणि खाली मी जे काही सांगतोय ते याच्याच भोवती फिरतं.

माझी पहिली अभ्यासिका याच जागी फसली. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजसाठी मी दोन मजली उंचीचा मोठा हॉल केला, मधोमध लोखंडी जिना, भोवती गॅलरी, खाली कोटा फरशी, भिंतींना गुळगुळीत प्लास्टर. उद्घाटनाला आलेल्या प्रत्येकाने फोटो काढले. तीन महिन्यांनी गेलो तेव्हा खुर्च्यांच्या पायांना काळं काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. वाकून पाहिलं तर सायकलची जुनी ट्यूब कापून, वर सुतळीने आवळलेली. कुणी खुर्ची मागे सरकवली की तो कर्रर्र आवाज वरच्या गॅलरीपर्यंत जायचा आणि शंभर माना वर व्हायच्या. मुलांनी वर्गणी काढून पंक्चरवाल्याकडून पोतंभर ट्यूब आणली होती. जिन्याचं तर विचारूच नका, खाली कुणी चप्पल घासत चाललं तरी वरच्या माणसाला कळायचं.

त्यानंतर मी आवाज किती घुमेल याचा हिशोब करायला शिकलो. हिशोब जुना आहे आणि तोही एका विद्यापीठातच जन्मला. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह झालं, आणि तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मांडायच्या, मोजायचं आणि सकाळच्या आत परत ठेवायच्या, असं करून नियम बसवला. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६, भागिले खोलीतलं एकूण ध्वनिशोषण, म्हणजे आवाज विरायला लागणारे सेकंद.

तुमच्या एका हॉलपुरतं करून बघू. २० मीटर लांब, १५ रुंद, ४ उंच, म्हणजे १२०० घनमीटर. लादी, प्लास्टर, उघडा स्लॅब हे सगळं मिळून जेमतेम २० एकक शोषण देतं (सगळा आवाज गिळणारा एक चौरस मीटर म्हणजे एक एकक). त्यात शंभर मुलं बसली की आणखी साधारण ४०. एकूण ६०, म्हणजे सव्वातीन सेकंद, अगदी बसस्टँडसारखं. आता फक्त छताला चांगल्या प्रतीचं ध्वनिशोषक सीलिंग लावा, ज्यावर पडलेल्या आवाजापैकी सत्तर टक्के गिळला जातो. शोषण २६० च्या पुढे जातं आणि आकडा पाऊण सेकंदाच्या खाली येतो. अभ्यासाच्या खोलीला ०.६ ते ०.८ सेकंद हवेत. भिंतीला हात लावला नाही, काच बदलली नाही, फक्त छत. म्हणून बजेट कमी पडलं तर दर्शनी भागाचं एसीपी क्लॅडिंग (ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचं आवरण) काढा, पोर्चमधला ग्रॅनाइट काढा, दुमजली लॉबी तर काढाच, पण या छताला हात लावू देऊ नका. ठेकेदार शेवटी ‘साहेब, साधं जिप्सम लावू, दिसायला सेम’ म्हणणार, हे लिहून ठेवा. साधं सपाट जिप्सम आवाजाच्या दृष्टीने जवळजवळ स्लॅबच.

आता ब्राउनश्वाइग. तुमच्या समितीची निवड वाईट नाही. तिथल्या तंत्रविद्यापीठाची ती इमारत गुस्ताव ड्युसिंग आणि माक्स हाके या दोघा तरुणांची, आणि तिला २०२४ चा युरोपियन युनियनचा वास्तुकलेसाठीचा मीस व्हॅन डेर रोहे पुरस्कार मिळाला. त्यात शिकण्यासारखं आहे ते काचेच्या आत. तीन बाय तीन मीटरची एकच ग्रिड, खांब आणि तुळया सगळ्या एकाच मापाच्या, १० बाय १० सेंटिमीटरच्या पोकळ पोलादी नळ्या, आणि सांधे बोल्टचे. उद्या विद्यापीठाला नको झाली तर उघडून दुसरीकडे उभी करता येईल. पातळ खांबांमुळे आतून आरपार दिसतं. खाली बसलेल्याला वरचा दिसतो, वरच्याला शेजारचा. सोबत म्हणतो ती हीच. तीन मीटरची ग्रिड आणि आरपार नजर, एवढं जरूर घ्या.

काच मात्र घेऊ नका. ब्राउनश्वाइग ५२ अक्षांशावर आहे. तिथे २१ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम १४ अंश चढतो, त्या लोकांना ऊन घरात यायला हवं असतं. तुम्ही २० अक्षांशावर. तुमच्याकडे त्याच दिवशी सूर्य ४६-४७ अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर शून्य सावलीचा दिवस येतो. चारी बाजूंनी काच केली तर एप्रिलमध्ये पडदे लागतील, मेमध्ये त्या पडद्यांमागे वर्तमानपत्र चिकटवलं जाईल, आणि वीजबिल कुलसचिवांच्या टेबलावर जाईल. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच काचेच्या ऑफिसांत आतून फिल्म आणि बाहेरून बॅनर लागलेत ते पाहिले असतीलच.

त्याऐवजी जागेवर इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे मोठ्या खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला येतील. दक्षिणेच्या दीड मीटर उंच खिडकीवर ६०० मिलिमीटरचा साधा छज्जा घाला. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात थेट ऊन त्या काचेवर दिवसभरात कधीच येणार नाही, इतकं सोपं गणित आहे. उत्तरेचा उजेड सगळ्यात चांगला, सावल्या कमी, डोळ्यावर चमक नाही. फक्त जूनच्या आगेमागे सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन उत्तरेलाही शिरतं, त्याला उभ्या पट्ट्या पुरतात. पूर्व-पश्चिम भिंती शक्य तितक्या बंद. आणि सगळ्यात जास्त उष्णता येते ती वरून. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर इन्सुलेशन आणि त्यावर पांढरं चायना मोझेक (टाइलच्या तुकड्यांची फरशी), हे वॉटरप्रूफिंगच्या कामातच धरा, नंतर कुणी करत नाही.

आपल्या हवामानातलं जवळचं उदाहरण हवं असेल तर समितीला अहमदाबादला न्या. सेप्ट विद्यापीठात राहुल मेहरोत्रा यांच्या आरएमए संस्थेने केलेलं लीलावती लालभाई ग्रंथालय आहे. इमारतीला बाहेरून उघडझाप करता येणाऱ्या झडपांचा पडदा आहे आणि मधल्या जागेत हवा आणि सावली मिळते. झडप कधी उघडायची हे माणूस ठरवतो. अहमदाबादचा मे तुमच्यापेक्षा कमी नाही.

काहीतरी ठरवणं मुलाच्या स्वतःच्या हातात असणं, याला मी फार किंमत देतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये फिलिप्स एक्सेटर अकादमीचं ग्रंथालय लुई कान यांनी बांधलं, त्यात बाहेरच्या भिंतीला लागून एकेकट्याच्या लाकडी बैठका आहेत. प्रत्येक बैठकीला डोळ्याच्या पातळीवर स्वतःची छोटी खिडकी आणि तिला सरकती लाकडी फळी. बाहेर बघायचं की नाही, उजेड घ्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बैठक चांगली कशाला म्हणायची ते मला त्या फळीवरून समजलं. आपल्याकडे तेच काम टेबलावरचा दिवा करतो. छताचे दिवे १५० ते २०० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेडाचं माप) ठेवा आणि बाकीचा उजेड प्रत्येकाच्या दिव्यातून येऊ द्या, म्हणजे वहीवर ३०० ते ५०० लक्स मिळेल. दिव्याचं बटण बसलेल्याच्या हाताशी. रात्री अर्धा हॉल रिकामा असताना फक्त बसलेल्यांचे दिवे चालू दिसतात, आणि त्या उजेडाच्या बेटांकडे बघून नवीन आलेला मुलगा आवाज न करता खुर्ची ओढतो. दिव्याचा रंग ४००० केल्व्हिनच्या आसपासचा, किंचित पिवळसर पांढरा. ६५०० चा पांढराफटक नको, मुलं त्याला ‘ऑपरेशन थिएटर’ म्हणतात.

एका बैठकीचं माप किती? एकदा मी परीक्षेच्या हंगामात रात्री दहाला टेप घेऊन एका अभ्यासिकेत फिरलो. परवानगी घेऊन, बोलणं न करता. एका मुलीच्या समोर होतं ते असं: उघडलेलं जाड पुस्तक, त्यावर पेपरवेट म्हणून मोबाइल, शेजारी वही, लॅपटॉप अर्धा बंद, स्टीलची पाण्याची बाटली, चष्म्याची डबी, हायलायटर तीन, घडी केलेला स्कार्फ. टेबलाची रुंदी होती ६०० मिलिमीटर, म्हणजे वही अर्धी मांडीवर. डब्याची पिशवी पायात, आणि चार्जरची वायर शेजारच्याच्या खुर्चीखालून. त्या दिवसापासून मी माणशी ९०० बाय ६०० च्या खाली जात नाही. दोन ओळी पाठीला पाठ असतील तर टेबलांच्या कडांमध्ये १.६ ते १.८ मीटर. समोरासमोर बसणाऱ्यांमध्ये पडदी टेबलापासून ४०० मिलिमीटर वर. त्याने समोरच्याची वही झाकली जाते पण त्याच्या डोक्याचा वरचा भाग दिसत राहतो. पडदी डोक्याच्या वर नेऊ नका. खाजगी अभ्यासिकांतले ते खुराडे जागा वाचवायला केलेले असतात, विद्यापीठाला ती मजबुरी नाही.

यावरून क्षेत्रफळ काढा. बसण्यापुरते माणशी २५ चौरस फूट, म्हणजे ५०० जणांचे १२,५०० चौरस फूट. जिने, स्वच्छतागृहं, लॉकर, डबा खायची जागा, वऱ्हांडे धरून एकूण २० ते साडेबावीस हजार. याहून कमीत कुणी बसवून देतो म्हणाला तर त्याने कुठलं तरी स्वच्छतागृह खाल्लंय.

खुर्चीवर पैसे घाला. पायाला रबरी बूट कारखान्यातूनच आलेले असावेत आणि दरवर्षी बदलायला हजारभर जास्तीचे घेऊन ठेवावेत. पुढची सायकल ट्यूब तरी वाचेल.

५०० जागांची वाटणी मी अशी करीन: पूर्ण शांत २८०, कुजबुज चालेल अशा १२०, सहा-सहा जणांच्या बंद खोल्यांत ६०, आणि उघड्या ओसरीत ४०. गटखोल्या दहा पुरतात. समित्या नेहमी जास्त मागतात कारण ‘कोलॅबरेशन’ हा शब्द अहवालात छान दिसतो. प्रत्यक्षात सेमिस्टरचे बारा आठवडे त्या खोल्यांत एकटाच मुलगा दार लावून बसलेला असतो आणि शेवटच्या तीन आठवड्यांत भांडणं होतात. खोली सहा जणांसाठीच करा, वीस जणांसाठी नको, वीस जणांची खोली म्हणजे वाढदिवसाचा केक. भिंत स्लॅबपर्यंत न्या. फॉल्स सीलिंगपर्यंतच थांबवली तर आवाज वरून शेजारी उतरतो, आणि ही चूक दहापैकी आठ ठिकाणी मी बघतो.

महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. रस्त्यावरून आत येताना आवाज पायरीपायरीने कमी व्हायला हवा. बाहेर पार्किंग आणि चहाची टपरी (ती येणारच, तिला जागा द्या, नाहीतर ती स्वतः जागा निवडेल). मग ओसरी, मग हेल्मेट-बॅगा-चपलांचे लॉकर, मग कुजबुजीचा हॉल, आणि सगळ्यात आत किंवा सगळ्यात वर शांत हॉल. चपला काढायला लावणार असाल तर पादत्राणांचा कप्पा आधीच मोजून काढा, पाचशे जोड दारात पडले की संध्याकाळी सत्यनारायणाची पूजा आहे असं वाटतं. शांत हॉलमधून दुसरीकडे जायचा रस्ता कधीही नको. तो रस्त्याचा शेवट असला पाहिजे.

मोबाइलचं काय? फोन आला की मुलं जिन्यात जातात, आणि जिना हा इमारतीचा भोंगा. म्हणून जिन्याला दार हवंच, आणि प्रत्येक मजल्यावर शांत हॉलपासून दोन दारं ओलांडून एक फोनचा कोपरा, तीन बाजूंनी मऊ अस्तर लावलेला. अशीच एक-दोन बंद खोली दृष्टिहीन विद्यार्थी आणि त्यांच्या लेखनिकांसाठी राखून ठेवा. ज्याला अभ्यास म्हणजे दुसऱ्याने मोठ्याने वाचलेलं ऐकणं आहे, त्याला शांत हॉलमध्ये जागाच नसते, हे आराखड्यात कुणाच्या ध्यानात येत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा रॅम्प तुम्ही कराल, कारण त्याशिवाय परवानगी अडेल. पण टेबलाखाली गुडघे जातात का तेही बघा.

येरझाऱ्या घालणाऱ्यांसाठी मी वेगळी ओसरी करतो, आणि ती पश्चिमेला. पश्चिमेच्या बाजूला आधी जिने, स्वच्छतागृहं, लॉकर यांचा जाड पट्टा, म्हणजे दुपारचं ऊन तिथेच अडतं. त्याच्या बाहेर अडीच मीटर रुंद ओसरी, दोघं पाठ करत समोरासमोर आले तरी खांद्याला खांदा लागू नये इतकी. पाठांतर सकाळी आणि रात्री चालतं, आणि त्या वेळी पश्चिमेला ऊन नसतं. कट्टा बसायला ४५० उंच, ओसरीभर. खर्च किरकोळ, आणि माझ्या कुठल्याही इमारतीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा हीच.

एसीबद्दल. मराठवाड्यात मार्च ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हवा कोरडी असते, तेव्हा मोठे बाष्पीभवन कूलर डक्टमधून चांगलं काम करतात आणि ताजी हवा आपोआप येते. पावसाळ्यात ते निरुपयोगी, पण तेव्हा पंखा आणि उघडी खिडकी पुरते. कोकणात किंवा गोव्यात हा सल्ला देणार नाही, तिथे दमटपणामुळे कूलर म्हणजे ओला टॉवेल. वरच्या मजल्यावरच्या शांत हॉलला मात्र एसीची सोय ठेवा, कारण मे महिन्यात परीक्षा असतात. एसी लावला की खिडक्या बंद होतात आणि तीन तासांत शंभर जणांच्या श्वासाने डोकी जड होतात. मुलांना वाटतं अभ्यासाचा कंटाळा आलाय. माणशी सेकंदाला ८ ते १० लिटर बाहेरची हवा आत ढकलणारी वेगळी यंत्रणा निविदेत लिहा. भिंतीवर एक कार्बन डायऑक्साइड मीटर टांगा. बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो, आत १००० च्या पुढे गेला की वॉचमनने खिडकी उघडायची, इतकं साधं ठेवा.

आणि अगदी सामसूम करायचा हट्ट नको. फार शांत खोलीत शेजारच्याच्या पेनचं टकटकही कानात जातं. पंख्याची किंवा डक्टची एकसारखी मंद घरघर या बारीक आवाजांना झाकून टाकते. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) घ्या, जुना पंखा ७०-७५ वॉट खातो तिथे हा ३० च्या आसपास, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर दुपटीहून जास्त वेळ चालतो. टेबलांच्या ओळीवर थेट पंखा नको, पानं उडतात.

प्लग पॉइंट प्रत्येक जागेला, टेबलाच्या वर. खाली दिला की मुलं वाकून शेजारच्याच्या पायात डोकं घालतात. लॅपटॉप ६५ वॉट धरला तर पाचशेंचे साडेबत्तीस किलोवॉट होतात, पण सगळे एकदम लावत नाहीत, निम्मे धरले तरी पुरे. प्रत्येक ओळीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), कारण टेबलावर पाण्याची बाटली सांडणारच.

आता जे कुणी प्रश्नात विचारत नाही ते. चोवीस तास म्हणजे नक्की कुणासाठी? मुलींच्या वसतिगृहाचं फाटक दहाला बंद होत असेल तर तुम्ही विद्यापीठाच्या पैशाने रात्रीची मुलांची अभ्यासिका बांधताय. एक रेघ ओढण्याआधी वसतिगृहाची वेळ किंवा तिथून अभ्यासिकेपर्यंतचा उजेडाचा रस्ता आणि ने-आण यांचा निर्णय करून घ्या. रात्री अकरानंतर फक्त तळमजला चालू राहील अशी विभागणी करा, वरचे मजले एका स्विचने बंद. वॉचमनच्या खुर्चीवरून दार, लॉकर आणि स्वच्छतागृहाचा रस्ता तिन्ही दिसायला हवेत. मुलींचं स्वच्छतागृह लांब बोळाच्या टोकाला नको, आणि त्यात कप्पे मुलांपेक्षा जास्त हवेत. मुलींसाठी वेगळी खोली ठेवा पण सक्ती नको, ज्यांना हवी त्या बसतील.

आणि रात्री आणीबाणीच्या दारांना साखळी लागणार नाही याची व्यवस्था आजच विचारात घ्या. ती दारं आतून ढकलताच उघडणाऱ्या दांड्याची हवीत, उघडली की भोंगा वाजेल अशी. चोरीची भीती वॉचमनला असते आणि साखळी स्वस्त असते. दिल्लीत मुखर्जीनगरला जून २०२३ मध्ये शिकवणी वर्गांच्या इमारतीला आग लागली तेव्हा मुलं तारांना लटकून खाली उतरली होती. पुढच्या वर्षी, २७ जुलै २०२४ ला ओल्ड राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. म्हणून तळघरात पंप, टाकी, फार तर वाहनं. कितीही जागा अपुरी पडली तरी एकही खुर्ची नको, आणि आज ‘गोदाम’ म्हणून दाखवलेलं तळघर पाच वर्षांनी काय होतं ते आपण सगळे जाणतो, त्यामुळे तळघरच नको असं माझं मत. अग्निशमन विभागाकडे कच्च्या नकाशासोबतच जा. इमारत शैक्षणिक धरली की राष्ट्रीय इमारत संहितेत जिना दीड मीटरचा चालतो, सभागृहासारखी धरली तर दोन मीटरचा लागतो, आणि हे स्लॅब पडल्यावर कळलं तर रडायची पाळी.

जागा अडवण्याचा रोग तुमच्याकडेही येणार. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची सवय आपल्या रक्तात आहे, अभ्यासिकेत रुमालाच्या जागी बॅग येते. सकाळी सहाला ठेवलेली बॅग दुपारी दोनला मालकाची वाट बघत असते. ऑनलाइन आरक्षणाचं ॲप करून मी एका ठिकाणी हात पोळून घेतले, मुलांनी मित्रांच्या नावाने जागा धरल्या. त्यापेक्षा भरपूर मोठे लॉकर द्या, म्हणजे बॅग टेबलावर ठेवायचं कारण उरत नाही, आणि तासाभराची रिकामी जागा वॉचमनने मोकळी करायची असा एक नियम. डबा खायला वेगळी खोली, धुवायला बेसिन, आणि बेसिनला अन्न अडवणारी जाळी. जाळी विसरलात तर पहिल्याच महिन्यात प्लंबर.

निविदा काढण्याआधी एक काम करा. तीन बाय तीन मीटरचा एक चौक ग्रंथालयाच्या कोपऱ्यात खराखुरा उभा करा: हेच टेबल, हीच खुर्ची, दिवा, पडदी, वर छताचा तेवढा तुकडा, खाली ठरवलेली फरशी. सहा मुलं आणि सहा मुली, पाळीपाळीने, आठवडाभर रोज चार तास बसू द्या. शेवटी प्रश्नावली देऊ नका. फक्त त्यांनी खुर्ची कुठे सरकवली, वायर कुठून ओढली, बाटली कुठे ठेवली, दिवा कुणीकडे वळवला, याचे रोजचे फोटो काढा आणि ते फोटो नकाशासोबत मला पाठवा.